सुभेदारआबांची पावती

साताऱ्याकडच्या फौजी गावांतला इतिहास ओट्यावर सांगितला जातो, आणि त्यात एखादं हत्यार हमखास असतं. कुणाच्या पणजोबांनी बसऱ्याहून तुर्की खंजीर आणला, कुणाच्या चुलत्यांनी बर्मातून जपानी तलवार. आमच्या घरात ते ‘जर्मनचं पिस्तूल’ होतं. मी ते पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते घराबाहेर गेलं. पण आजोबांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे सुभेदारआबांचा, विषय निघाला की थोरली आत्या तिथूनच सुरुवात करायची. ‘‘केरनच्या डोंगरात घावलं हुतं. इटालियन कप्तानानं हात वर केलं आन् आबांनी त्येच्या कमरंचं काढून घ्येतलं.’’

आबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. ही पलटण केरेनला होती, यात शंका नाही. एरिट्रियातली ती लढाई फेब्रुवारी १९४१मध्ये सुरू झाली आणि २७ मार्चला संपली. घाटाचा रस्ता इटालियनांनी सुरुंग लावून बुजवला होता, दोन्ही बाजूंना उघडे खडक, आणि वरच्या प्रत्येक सुळक्यावर त्यांची ठाणी. मार्चच्या मधल्या हल्ल्यात तिसऱ्या पलटणीने ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी घेतली. आबांच्या जोडीचे एक हवालदार शेजारच्या वाडीत राहायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. इटालियन हातगोळे लाल रंगाचे असत आणि वरून ते गडगडत येत, हे मी त्यांच्याकडून ऐकलं. पुढे पुस्तकांतही लाल गोळे सापडले, तेव्हा म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरचा माझा विश्वास आणखी पक्का झाला.

आबांची ट्रंक उघडली गेली ती घराची वाटणी झाली तेव्हा. वर पदकं होती, तळाशी राखाडी-हिरव्या कातड्याचं पिस्तुलाचं पाकीट. झाकण सुकून कडक झालेलं, पुढच्या अंगाला जादा मॅगझिनसाठी शिवलेला कप्पा. त्या कप्प्यात चौघडी घातलेली एक पावती होती, तालुका कचेरीची, मार्च १९४८ची.

पावती लिहिणाऱ्या कारकुनाचे उपकार मानावे तेवढे थोडे. एरवी असल्या कागदावर ‘एक पिस्तूल, विलायती’ एवढंच लिहून मोकळे होतात. या गृहस्थाने पिस्तुलाच्या अंगावर जे जे कोरलेलं दिसलं ते ओळीने उतरवून घेतलं: पी. बेरेट्टा, कॅल. ९ कोर्टो, मोदेलो १९३४, गार्दोने व्ही. टी., मग १९४२, मग रोमन लिपीतला एक्स दोनदा, मागे मुकुट आणि आर. ई., खाली नंबर. त्याला यातलं काही कळलं असेल असं नाही. पण त्याने गाळलं काही नाही.

जुन्या लष्करी पिस्तुलाची ओळख अशाच खुणांवरून पटते. गार्दोने हे उत्तर इटलीतलं गाव, व्ही. टी. म्हणजे त्रोंपियाचं खोरं. बेरेट्टाचा कारखाना तिथलाच. मुकुट आणि आर. ई. ही इटलीच्या शाही लष्कराची मोहोर. आरमाराच्या पिस्तुलावर आर. एम. असतं, विमानदलाच्या आर. ए., पोलिसांच्या पी. एस. आणि सर्वांत बोलका तो रोमन आकडा. मुसोलिनीची माणसं ऑक्टोबर १९२२मध्ये रोमवर चालून गेली, तिथपासून त्याची राजवट आपली वेगळी सालं मोजायची, आणि ती सालं कारखान्यातल्या पिस्तुलांवरही ठोकली जायची. विसावं साल २९ ऑक्टोबर १९४१ला लागलं.

म्हणजे केरेन पडलं त्या दिवशी हे पिस्तूल घडलेलंच नव्हतं.

पदकांकडे पुन्हा पाहिलं. आफ्रिका स्टार होतं, शेजारी इटली स्टार. १९४४मध्ये तिसरी पलटण इटलीत अपर टायबरच्या खोऱ्यात लढत होती. याच पलटणीच्या यशवंत घाडगे यांना तिथे १० जुलै १९४४ला वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीने तर सप्टेंबर १९४३मध्येच शरणागती जाहीर केली होती. त्यानंतर जर्मनांनी इटालियन पलटणी निःशस्त्र केल्या, त्यांची हत्यारं आपल्या माणसांना वाटली, आणि टायबरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या समोर होते ते जर्मन. कप्तान केरेनचा असेल, पिस्तूल टायबरकाठचं. दोन मोहिमा आबांनी एका दमात सांगितल्या असतील किंवा आत्यांनी एकत्र ऐकल्या असतील. घरातलं ‘जर्मनचं’ हे नाव मात्र कारखान्याच्या शिक्क्यापेक्षा अधिक खरं सांगत होतं.

आता किमतीचं. १९३४ मॉडेलची बेरेट्टा दहा लाखांवर निघाली, त्यामुळे परदेशात संग्राहकांच्या बाजारात ती फार महाग नाही. जर्मन लुगर तिच्या कितीतरी पट जाते. तिथे भाव ठरतो तो मूळ मुलामा शाबूत आहे का, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का, पाकीट त्याच काळातलं आहे का, आणि हत्यार कुणाच्या हातून कुणाकडे गेलं याचा कागद आहे का, यावर. आबांच्या पिस्तुलाचा कागद पहिल्या प्रतीचा आहे. पिस्तूलच नाही.

ते का नाही, हेही आत्यांनीच सांगितलं. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते पिस्तूलही बेरेट्टाच होतं, हेच मॉडेल, नंबर ६०६८२४. त्या दिवसांत आमच्या भागात घरं जळत होती. ‘‘आबा दोन दिस जेवलं न्हाईत. मग फडक्यात गुंडाळून तालुक्याला ग्येलं.’’ सुभेदार म्हणून परवाना मागता आला असता, ओळखीचे साहेब होते. आबांनी मागितला नाही. या खुलाशाला कागदाचा आधार नाही, पावतीवरच्या मार्च महिन्याचा तेवढा आहे. मला तो पुरतो.

आपल्याकडे असल्या वस्तूंचं मोल दोन टोकांना गेलं आहे. खासगी आयात १९८०च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून परवान्यावरच्या जुन्या विलायती हत्यारांना लाखांचे भाव आले. पण तो भाव चालू हत्याराचा. त्याच्या अंगावरच्या खुणा कुणी पाहत नाही. उलट त्या आपल्याच हातांनी पुसल्या जातात. खंडेनवमीला हत्यार राखेने घासायचं, हळद-कुंकवाची बोटं ओढायची, वर पाणी शिंपडायचं. ओल आत राहते, आणि गंज नेमका कोरलेल्या अक्षरांत धरतो. पूजा जरूर व्हावी. कोरडं फूल वाहावं, आणि संध्याकाळी तेलाचा हात फिरवावा.

तात्यांच्या वाडीत एका घरी पहिल्या महायुद्धातलं वेब्लीचं सहा नंबरी रिव्हॉल्व्हर परवान्यावर आहे. १९१५मध्ये इंग्रजी लष्कराने स्वीकारलेलं, सहा इंची नळीचं, मधोमध मोडून भरायचं, किलोभर वजनाचं धूड. परवानाधारक वारले, तेव्हा कायद्याप्रमाणे ते परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झालं. मुलाने वारसाचा अर्ज केला आणि मला विचारलं, ‘‘काका, तोवर निकेल चढवून चकाचक करून घेऊ का?’’ त्याला घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने ते उजेडात तिरकं धरलं. नळीच्या वरच्या पट्टीजवळ सरकारी बाण दिसला आणि त्याखाली आय हे अक्षर, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण. चक्राची मागची कड शाबूत होती. अमेरिकेत गेलेल्या वेब्लींची ती कड तिथली काडतुसं बसावीत म्हणून तासून टाकत, आणि मग संग्राहक त्यांना कमी भाव देतात. पोराने तिथल्या तिथे निकेलचा बेत सोडला. दुकानदाराकडून सगळ्या खुणांचे फोटो काढून घेतले, आणि त्याचे पणजोबा कुठल्या पलटणीत होते ते बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला विचारायचं पत्र आम्ही तिथल्याच बाकावर बसून लिहिलं.