विषाणूचं घड्याळ आणि रक्ताचे जुलाब

जुलाबात रक्त दिसलं की अनेक जण घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊन मोकळे होतात. ही गोळी कधी कधी अंगावर उलटते. का, ते समजून घ्यायला थोडं मागे जाऊ या.

जीवाणूंनाही विषाणू लागतात. त्यांना फाज म्हणतात. काही फाज जीवाणूला लगेच मारत नाहीत; त्याच्या डीएनएमध्ये आपला डीएनए जोडून गप्प बसतात. १९५० मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ आणि सहकाऱ्यांनी अशा जीवाणूंवर अतिनील किरण सोडले. थोड्याच वेळात जवळजवळ सगळे जीवाणू फुटले आणि फाज बाहेर पडले!

झोपलेला फाज जागा कसा झाला? उत्तर मिळालं एस्थर लेडरबर्ग यांनी शोधलेल्या ‘लॅम्ब्डा’ फाजमध्ये. त्याच्या जनुकांवर एका प्रथिनाचं कुलूप असतं. जाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी त्याचा अंदाज बांधला. १९६७ मध्ये मार्क टाश्नी यांनी ते वेगळं काढून दाखवलं. जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की हे कुलूप तुटतं.

पण सगळी जनुकं एकदम सुरू होत नाहीत. आधी ‘एन’ नावाचं प्रथिन बनतं. ते वाचन मध्येच थांबू देत नाही, म्हणून पुढची जनुकं वाचली जातात. त्यांतलं ‘क्यू’ प्रथिन शेवटचा गट उघडतं: फाजचं कवच आणि जीवाणू फोडणारी प्रथिनं. फोडणं आधी झालं, तर पिल्लं तयारच नसतील!

आता तुमच्या गोळीकडे येऊ. ई. कोलायच्या काही घातक जातींमध्ये, उदाहरणार्थ ओ१५७ मध्ये, शिगा विषाचं जनुक अशाच फाजच्या शेवटच्या गटात बसलेलं असतं. काही अँटिबायोटिक्स जीवाणूच्या डीएनएला इजा करतात. कुलूप तुटतं, विष वाढतं आणि जीवाणू फुटून ते बाहेर पडतं. हे विष मूत्रपिंडं निकामी करू शकतं. लहान मुलांना धोका जास्त.

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा नाही. शिगेला जीवाणूमुळे होणाऱ्या आवेत ते लागतंच. कोणता जीवाणू आहे, हे घरी ओळखता येत नाही. म्हणून रक्ताचे जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा. लघवी कमी झाली, चेहरा पांढरा पडला किंवा मूल मलूल झालं, तर थेट रुग्णालय गाठा.