राखीव नामावली : अमेरिकन धंदेवाईक बेसबॉलच्या हिवाळी कारभाराचा इतिहास

खेळांच्या इतिहासात सामने, विक्रम आणि विजेते यांची नोंद तपशिलाने होते. मैदान रिकामे असताना जे घडते त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉलच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. तेथील हंगाम वसंत ऋतूत सुरू होऊन शरदात संपतो आणि पुढील काही महिने स्पर्धेचा एकही सामना होत नाही. परंतु पुढील वर्षी संघात कोण राहणार, कोणाला विकावयाचे, कोणाला सोडावयाचे आणि कोणाला किती वेतन द्यावयाचे, हे प्रामुख्याने याच महिन्यांत ठरते. हिवाळ्यात दुकानातील लोखंडी शेगडीभोवती बसून लोक या घडामोडींची चर्चा करीत. त्यावरून या काळाला ‘तापल्या शेगडीची लीग’ असे गमतीचे नाव पडले. या गमतीमागे एक गंभीर प्रश्न दडलेला होता. नामावलीत एखाद्याचे नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो किती काळ टिकतो? बेसबॉलच्या हिवाळी कारभाराचा इतिहास हा वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय.

१८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली तेव्हा खेळाडूचा करार साधारणपणे एका हंगामाचा असे. हंगाम संपला की तो मोकळा होई आणि अधिक वेतन देणाऱ्या संघाकडे जाई. उत्पन्नाचा मोठा भाग वेतनात जातो, अशी मालकांची तक्रार होती. २९ सप्टेंबर १८७९ रोजी बफेलो येथे भरलेल्या बैठकीत त्यांनी आपसांत एक ठराव केला. बोस्टन संघाचे आर्थर सोडेन यांच्याकडे या कल्पनेचे जनकत्व दिले जाते. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना इतर कोणत्याही संघाने कामावर घेऊ नये, असा तो ठराव होता. खेळाडूंची संमती घेण्यात आली नव्हती. गुणवंत म्हणून आपली निवड झाली, या भावनेने काही खेळाडूंना प्रारंभी त्यात मानच वाटला. तथापि १८८३ मध्ये राखीव खेळाडूंची संख्या अकरावर आणि १८८७ मध्ये चौदावर गेली. तत्कालीन संघाचा आकार लक्षात घेता जवळजवळ संपूर्ण संघच राखीव झाला, आणि मालकांमधील हा समझोता खेळाडूच्या करारात कलम म्हणून समाविष्ट झाला.

या व्यवस्थेचे स्वरूप प्रथम नेमकेपणाने ओळखले ते जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने. कोलंबिया येथे कायद्याचे शिक्षण घेतलेल्या वॉर्डने १८८५ मध्ये खेळाडूंची संघटना उभारली आणि ऑगस्ट १८८७ मध्ये एक लेख लिहून, बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न मथळ्यातच विचारला. १८८८ च्या हिवाळ्यात, वॉर्ड परदेश दौऱ्यावर असताना, मालकांनी खेळाडूंचे पाच वर्ग पाडून वेतनाची कमाल मर्यादा २,५०० डॉलर ठरविली. याला उत्तर म्हणून खेळाडूंनी १८९० मध्ये स्वतःची लीग काढली. वॉर्डला रोखण्यासाठी न्यूयॉर्क संघाने न्यायालयात मनाईहुकूम मागितला. परंतु मालकाला दहा दिवसांच्या सूचनेने करार मोडता यावा आणि खेळाडूने मात्र बांधलेले राहावे, या करारात पारस्परिकता नाही, अशा विचाराने न्यायालयाने ती मागणी फेटाळली. खेळाडूंचा कायदेशीर विजय झाला. पण त्यांची लीग आर्थिक अडचणींमुळे एकाच हंगामात संपली. राखीव कलमाचे खरे बळ न्यायालयात नव्हते, तर एकमेकांचे खेळाडू न घेण्याच्या मालकांच्या एकजुटीत होते, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

विसाव्या शतकात या एकजुटीला कायद्याचेही कवच लाभले. २९ मे १९२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाद्वारे, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे आणि म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही, असे ठरविले. १९५३ मध्ये न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली. करारातील शब्दरचना अशी होती की, खेळाडूने नवा करार स्वीकारला नाही तर संघाला जुना करार आणखी एका वर्षासाठी वाढविता येई. वाढविलेल्या करारातही वाढीचे कलम असतेच, म्हणून हे एक वर्ष कधीच संपत नाही, असा मालकांचा अर्थ होता. खेळाडूच्या हाती एकच शस्त्र उरे : सही न करता घरी बसणे. जो डिमॅजिओने १९३८ मध्ये ४०,००० डॉलर मागितले. हंगामाचे पहिले सामने बुडवून अखेर त्याला २५,००० डॉलर पतकरावे लागले. तो तारा होता म्हणून त्याला इतके तरी ताणता आले. सामान्य खेळाडू घरी बसला तर त्याची जागा दुसरा घेई.

मालकांच्या समर्थनाचा मुख्य मुद्दा समतोलाचा होता. राखीव कलम नसेल तर श्रीमंत संघ सर्व गुणवंतांना पळवितील आणि स्पर्धेत रस उरणार नाही, असे ते सांगत. हा युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा असला तरी इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. खेळाडूला स्वतःहून जाता येत नव्हते. मालकाला मात्र त्याला विकता येत होते. डिसेंबर १९१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅकने एडी कॉलिन्सला शिकागोला ५०,००० डॉलरना विकले. डिसेंबर १९१९ मध्ये बोस्टनने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीज संघास १,००,००० डॉलरना विकण्याचा करार केला. १९२१ ते १९६४ या ४४ हंगामांत यांकीजनी आपल्या लीगचे विजेतेपद २९ वेळा मिळविले, आणि ते राखीव कलम पूर्ण अमलात असताना. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये या विसंगतीची तात्त्विक मीमांसा केली. बाजार मुक्त असो वा बांधलेला, खेळाडू अखेर जेथे त्याचे मोल अधिक तेथेच पोहोचतो. फरक इतकाच की ते मोल कोणाच्या खिशात जाते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता.

नामावलीवर मालकसंस्थेनेच घातलेले काही निर्बंधही होते. एका संघाने असंख्य तरुण खेळाडू दुय्यम लीगमध्ये दडवून ठेवू नयेत, यासाठी हिवाळी निवडीची पद्धत होती : ठराविक अटींत बसणारा, पण मुख्य नामावलीत नसलेला खेळाडू दुसऱ्या संघाला ठरलेल्या रकमेत उचलता येई. नोव्हेंबर १९५४ मध्ये पिट्सबर्गने ब्रुकलिनच्या माँट्रियल येथील दुय्यम संघातून रोबेर्तो क्लेमेंते याला अवघ्या ४,००० डॉलरना घेतले. तो पुढे अठरा हंगाम पिट्सबर्गसाठीच खेळला आणि त्याने बरोबर ३,००० फटके नोंदविले. परंतु या निर्बंधांचा हेतू संघासंघांतील न्यायाचा होता. क्लेमेंतेला ब्रुकलिन हवे की पिट्सबर्ग, हे त्याला कोणी विचारले नाही.

हा प्रश्न ऑक्टोबर १९६९ मध्ये पुन्हा उभा राहिला. बारा हंगाम सेंट लुई संघात खेळलेल्या कर्ट फ्लडची फिलाडेल्फियाकडे अदलाबदल झाली. त्याने जाण्यास नकार दिला आणि डिसेंबरमध्ये कमिशनरला पत्र लिहून, आपण मर्जीविरुद्ध विकली-घेतली जाणारी वस्तू नाही, अशी भूमिका मांडली. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ५० वर्षांपूर्वीच्या निर्णयातील विसंगती न्यायालयाने मान्य केली. पण ती दूर करणे हे काँग्रेसचे काम, असे म्हटले. या लढ्यात फ्लडची कारकीर्द संपुष्टात आली.

जे न्यायालयात साधले नाही ते लवादापुढे साधले. १९६६ पासून खेळाडू-संघटनेचे नेतृत्व करणारे मार्व्हिन मिलर पोलाद-कामगारांच्या संघटनेतून आले होते. १९७० च्या सामुदायिक करारात त्यांनी तक्रारींसाठी निःपक्ष लवादाची तरतूद मिळविली. १९७५ चा हंगाम अँडी मेसरस्मिथ नव्या करारावर सही न करता खेळला. डेव्ह मॅक्नॅलीनेही सही केली नव्हती. वाढीव वर्ष संपले, आता आपण मोकळे, असा त्यांचा दावा होता. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवादप्रमुख पीटर साइट्झ यांनी एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, असा निर्णय दिला. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ पदावरून दूर केले; पण फेडरल न्यायालयांनी निर्णय उचलून धरला.

यानंतरची घटना अधिक अर्थपूर्ण आहे. सर्व खेळाडूंना दरवर्षी मोकळे करावे, अशी सूचना ऑकलंडचे मालक चार्ल्स फिनली यांनी केली. मिलर यांना तीच नको होती. कारण शेकडो खेळाडू एकाच हिवाळ्यात बाजारात आले तर प्रत्येकाचे मोल उतरले असते. इतर मालकांनी फिनली यांचे ऐकले नाही आणि १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्तता, असा तोडगा निघाला. म्हणजे मालकी नष्ट झाली नाही. तिला मुदत मिळाली.

त्यापुढील संघर्ष हे या मुदतीभोवतीचे संघर्ष होत. १९८५ पासून सलग तीन हिवाळे मालकांनी मुक्त खेळाडूंना बोली न लावण्याचे संगनमत केले; लवादाने ते बेकायदा ठरविले आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली. १८७९ ची एकजूटच येथे नव्या वेषात परतली होती. पुढे लढाई दिवसांच्या मोजणीवर आली. १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष, असा नियम आहे. २०१५ मध्ये शिकागोच्या संघाने क्रिस ब्रायंटला हंगामाच्या आरंभी दुय्यम संघात ठेवल्याने त्याचे १७१ दिवस भरले आणि त्याची मुक्तता एक वर्ष लांबली. त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली.

चाळीस नावांची हिवाळी नामावली तयार करणे हे वरवर पाहता व्यवस्थापनाचे तांत्रिक काम भासते. परंतु तिच्यातील प्रत्येक नावापुढे सेवेचे जे दिवस मांडलेले असतात, ते वॉर्ड, फ्लड आणि मेसरस्मिथ यांच्या झगड्यातून आलेले आहेत. १८७९ च्या नामावलीत केवळ नावे होती, मुदत नव्हती. श्रमिकाचे स्वातंत्र्य एका घोषणेने क्वचितच मिळते. बहुधा ते मुदतीच्या आकड्यांत मोजून मिळते, आणि तो आकडा पुढच्या करारात पुन्हा राखावा लागतो, हेच या नामावलीच्या अभ्यासातून दिसून येते.