“पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल”: आरोग्याचा खरा सल्ला आणि फसवणूक यातला फरक कसा ओळखावा?

“अंगावरून पांढरं जातंय ना? पोरंबाळं झाली ना? मग पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल.”

बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांनी हे वाक्य ऐकलं आहे. नवल म्हणजे हे वाक्य कुणा मांत्रिकाचं किंवा रस्त्यावर जडीबुटी विकणाऱ्याचं नव्हतं. बोर्ड लावलेल्या, खाटा असलेल्या, पावती फाडणाऱ्या खासगी दवाखान्यांत आपल्याला असं सांगितलं गेलं, असं या बायकांनी चौकशीला आलेल्यांना सांगितलं.

आरोग्याच्या अफवा म्हटलं की आपल्याला मोबाईलवरचे नुस्खे आठवतात. तेही धोक्याचे आहेतच, त्यांच्याबद्दल पुढे बोलू. पण आपल्या जिल्ह्याला सगळ्यात महाग पडलेली अफवा पांढऱ्या कोटातून आली होती. म्हणून आधी तिच्याकडे पाहू.

बीडमध्ये काय घडलं?

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर उसाची मोळी वाहायची. अशा बाईला दुखणं परवडत नाही. तिला कायमचा इलाज हवा असतो, आणि तो विकणारे भेटतात.

२०१९ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांतून या प्रकाराला वाचा फुटली. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भपिशवी काढण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. बीडच्या या बायकांपैकी अनेकींनी ऑपरेशनच्या वेळी चाळिशीही गाठलेली नव्हती.

यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधल्या अशाच तक्रारींवर निकाल देताना, विनाकारण गर्भाशय काढणं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला.

त्या सल्ल्यात खोटं काय होतं?

पूर्ण खोटं कुणी विकत घेत नाही. त्यात खऱ्याचा एक तुकडा घालावा लागतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असतो, हे खरं. पण अंगावरून पांढरं जाणं म्हणजे त्याची सुरुवात, हे खरं नाही.

थोडं पांढरं जाणं नैसर्गिक असतं. वास, खाज, हिरवट-पिवळा रंग किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो. तो गोळ्यांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बाईला पुन्हा पुन्हा तेच होतं. इथे लाज आड येते आणि बिचारी बाई एकटीच गोळ्या खात राहते.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात. म्हणजे तपासायला वेळ मिळतो. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात साधी तपासणी आहे. सिरक्यासारखं द्रावण लावून मुखावर डाग दिसतो का ते पाहतात, काही मिनिटांचं काम. सुरुवातीचा दोष सापडला तर पिशवी न काढताही इलाज होतो. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी या विषाणूवर लसही आहे.

पिशवी कधीच काढू नये, असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव थांबेना, अंग बाहेर येऊ लागलं, औषधांनी गुण आलाच नाही, तर ऑपरेशन योग्यच असतं. पण कमी वयात पिशवी काढण्याची किंमत मोठी आहे. सोबत बीजांडंही काढली तर पाळी एकदम बंद होऊन अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं हे मागे लागतं. बीजांडं ठेवली तरी पाळी जाण्याचा काळ लवकर येऊ शकतो. ज्या बाईला पुढची वीस वर्षं मोळी उचलायची आहे, तिच्या हाडांचा विचार कुणी केला?

आपल्या घरांत चालणारे समज

तीच रीत, म्हणजे खऱ्याचा तुकडा, भीती आणि घाई, बाकीच्या अफवांतही दिसते.

“लसीने मुलं होत नाहीत.” २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम सुरू झाली. तेव्हा अनेक पालक या एका वाक्याने घाबरले होते. काहींनी तर लसीच्या दिवशी पोरांना शाळेतच पाठवलं नाही. आम्ही त्यांना एकच गोष्ट दाखवायचो. पोलिओच्या डोसाबद्दलही अगदी हेच बोललं जायचं. ज्या पोरांना ते डोस पाजले, तीच आज आई-बाप होऊन आपल्या लेकरांना शाळेत सोडायला येतात. आणि भारताला २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. उलट २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, त्यात लहान मुलं दगावली. गोवर हा ‘अंगावर येऊन जाणारा’ साधा आजार नाही. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते.

“शुगर जड से खत्म.” भिंतीवर, रिक्षावर, मोबाईलवर ही जाहिरात असते. मधुमेह, कॅन्सर, लकवा, फेफरे अशा आजारांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. वजन आणि खाणं सांभाळून काही रुग्णांच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात, हा खऱ्याचा तुकडा. पण पुडीच्या भरवशावर इन्सुलिन बंद केलं तर जीव जाऊ शकतो. सांधेदुखीच्या बिनालेबलच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडण्याचे प्रकारही घडलेले आहेत. म्हणूनच दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो, आणि पुढे सूज येते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

“कलौंजीत सगळ्याचा इलाज आहे, मग गोळ्या कशाला?” कलौंजी खायला कुणाची ना नाही. श्रद्धेचा प्रश्न इथे नाहीच. प्रश्न ती खाऊन टीबीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्याचा आहे. दुआ करावी, दम करून घ्यावा, आणि गोळीही वेळेवर घ्यावी. वैद्यकाचं ज्ञान नसताना जो इलाज करतो तो नुकसानीला जबाबदार, अशा आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आपल्या दीननेच इलाजात जाणकार माणूस मागितला आहे. युनानी हकीमसुद्धा पदवीधर आणि नोंदणी असलेला असावा.

“साप चावला, आधी मंत्र टाकून आणा.” बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस तसाही वाचतो आणि श्रेय मांत्रिकाला जातं. खरं विष भिनलं असेल तर इलाज एकच, दवाखान्यातलं प्रतिविष. तिथे मिनिटं मोजायची असतात. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

“कुत्रा चावला, मिरची भरा.” नको. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

“काविळीची माळ घाला.” दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ फक्त वाट पाहते. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ती चुना आणि झाडाच्या सालीच्या रसाची करामत असते. मात्र कावीळ ‘बी’ प्रकारची असेल, किंवा गरोदर बाईला झाली असेल, तर वाट पाहणं महागात पडतं. रक्ततपासणी करा.

“रोजा आहे, इन्सुलिन सोडून द्या.” रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटा. काहींना वेळ आणि मात्रा बदलून रोजा ठेवता येतो, काहींना नाही. आजारी माणसाला सवलत आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. साखर फार खाली गेली तर रोजा सोडण्यात गुन्हा नाही. आणि सुई टोचून साखर तपासण्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक आलिम सांगतात.

सल्ला तोलायचे प्रश्न

सल्ला हकीमाचा असो, डॉक्टरांचा असो की खालाजानच्या फोनवर आलेला असो, हे प्रश्न विचारा.

१. आजाराचं नाव काय? कोणत्या तपासणीवरून ठरलं? तो कागद आम्हाला मिळेल का?
२. गोळ्या-औषधांनी बरं होण्यासारखं आहे का? ते आधी करून पाहिलं का?
३. महिनाभर थांबलं तर काय होईल? खरी तातडी असेल तर डॉक्टर कारण सांगतात. “आजच भरती व्हा” एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा.
४. यात काय काढणार, काय ठेवणार, आणि पुढे शरीरावर काय परिणाम होणार?
५. या सल्ल्यातून पैसा कुणाला मिळतो? सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच आहे का?
६. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय? पुडीवर घटक, बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का?

रागावणाऱ्या डॉक्टरांपुढे बाई गप्प बसते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून शिकलेली लेक, सून किंवा भाऊ सोबत न्या. प्रश्न कागदावर लिहून न्या. प्रामाणिक डॉक्टर प्रश्नांनी चिडत नाहीत, आणि असे डॉक्टर आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

दुसरं मत कुठे घ्यावं?

ठरवून करायच्या कोणत्याही ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे रांग असते, एक दिवस मोडतो, हे खरं. पण एका दिवसाचा खाडा भरून निघतो. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असावेत. गावातल्या आशा ताईंना तपासणी शिबिरांची माहिती असते, त्यांना विचारा. २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला हवं. आपले रिपोर्ट आणि केसपेपरच्या प्रती मागून घ्या आणि एका पिशवीत जपून ठेवा.

शाळेत आम्ही पोरांना सांगतो, उत्तर पाठ असलं तरी रीत दाखव, त्याशिवाय मार्क नाहीत. इलाज सांगणाऱ्यालाही तोच नियम लावा. फसव्या पुडीत गेलेले पैसे पुढच्या हंगामात कमावता येतील. काढलेली पिशवी मात्र परत बसवता येत नाही. तेव्हा या दिवाळीत तोडीला निघण्याआधी तुमच्या घरातली, शेजारची एखादी बाई ऑपरेशनचं बोलत असेल, तर हे सहा प्रश्न आणि दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता तिच्या हाती नक्की द्या.