रस्ता कुठल्या हेडखाली? भोर-वेल्ह्याच्या वाटणीची गोष्ट

मंडळी, पावसाळा आला की आपल्याकडे तीच चर्चा. खड्डे, दरडी, वरंधा घाट बंद. मग पुढाऱ्यांना आणि ठेकेदाराला शिव्या घालून आपण मोकळे. पण रस्त्याचा पैसा येतो कुठून आणि त्यात वाटा कोणाचा, हे फारसं कोणी बघत नाही. भोर-वेल्ह्याचं (आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडात वेल्हेच येतं) दुखणं ठेकेदारापेक्षा जुनं आहे. ते वाटणीच्या सूत्रात आहे.

इंग्रजांच्या मुलखात १८६९ च्या कायद्याने लोकल फंड होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातले दोन भाग रस्त्यांसारख्या कामांना, एक भाग शाळांना. आपला बहुतेक भाग मात्र पंतसचिवांच्या भोर संस्थानात. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड हे त्यांचे तालुके, म्हणजे 'राजगड तालुका' हे नावही तसं नवीन नाही. तो फंड इथे लागू नव्हता. असता तरी भातखाचरं आणि वरकस जमिनीच्या साऱ्यातून कितीसे रस्ते झाले असते? भाटघरचं पाणी खाली बारामती-फलटणकडे गेलं, बागायत तिकडे झाली. सारा वाढायचा तो तिकडेच.

पुढे मोटारी आल्या. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाने आहे, तेच. समितीने सांगितलं की रस्ते आता लोकल बोर्डांच्या आवाक्यातले राहिलेले नाहीत, पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्या आणि ते रस्त्यांनाच लावा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आज पेट्रोल-डिझेलवर आपण जो रस्ते उपकर भरतो, त्याचं मूळ इथे आहे. कल्पना चांगलीच होती. पण वाटप ठरलं जिथे जितकं पेट्रोल खपतं त्या हिशोबाने. म्हणजे जिथे आधीच रस्ते आणि मोटारी, तिथे पैसा. जिथे रस्ताच नाही, तिथे पेट्रोल खपणार कसं?

१९४३ ला नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि रस्त्यांची उतरंड ठरली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्रामीण. केंद्राने सांभाळायचं ते फक्त वरच्या पायरीचं. १९४८ च्या मार्चमध्ये भोर संस्थान विलीन झालं, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि आपले बहुतेक रस्ते उतरंडीच्या तळाशी राहिले.

आपल्या वाड्यांपर्यंत वाट नेली ती रोजगार हमीने, असं माझं मत आहे. ७२ च्या दुष्काळानंतर ही योजना वाढली, १९७७ ला कायदा झाला. तिच्या पैशाची वाटणी बघण्यासारखी आहे. १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा, आणि अशा करांतून जेवढे जमतील तेवढेच सरकारने स्वतःचे घालायचे. मुंबईच्या ऑफिसातल्या माणसाच्या पैशातून खेड्यातला रस्ता! आपल्या घरची किती तरी म्हातारी माणसं त्या कामांवर खडी फोडायला गेली असतील. फक्त खर्चातला ६० टक्के भाग मजुरीवरच जायला हवा, असा नियम. उरलेल्या ४० मध्ये डांबर कसं बसणार? माती-मुरूम टाकायचा, आणि आपल्याकडचा पाऊस तो घेऊन जायचा.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक आली. सुरुवातीला सगळा पैसा केंद्राचा, २०१५-१६ पासून केंद्र ६० आणि राज्य ४०. पण अट अशी की सपाट भागात वस्ती ५०० लोकांची हवी. डोंगरी राज्यं आणि पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागाला २५० ची सवलत. पुणे जिल्ह्यात अनुसूचित गावं आहेत ती जुन्नर-आंबेगावात. तोरण्याच्या पायथ्याची वाडी केंद्राच्या हिशोबात सपाटीवरची! तरणी पोरं पुण्या-मुंबईला, मग जनगणनेत ५०० डोकी आणायची कुठून? अशा सुटलेल्या वाड्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक काढली, पण तिथे सगळा भार एकट्या राज्याचा.

रस्ता झाला तरी पुढे देखभाल. प्रधानमंत्री ग्रामसडकमध्ये पाच वर्षं त्याच ठेकेदाराने ती करायची, पण खर्च राज्याचा, ६०:४० नाही. पाच वर्षं संपली की रस्ता जिल्हा परिषदेच्या गळ्यात, आणि मग ३०५४ च्या हेडमधून काही मिळतं का याची वाट बघायची. नवीन कामाला नारळ फुटतो, फोटो येतो. ३०५४ चा फोटो कोणी काढत नाही.

सप्टेंबर २०२४ ला केंद्राने ग्रामसडकचा चौथा टप्पा मंजूर केला आहे. देशात २५,००० वस्त्या, ७०,१२५ कोटी रुपये, २०२८-२९ पर्यंत. मोजणी २०११ च्या जनगणनेवर, अट तीच ५०० ची. मात्र योजनेच्या मूळ नियमात एक सोय आहे. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, आणि डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरपर्यंत. आपल्या वाड्यांची मोजणी करताना हे दीड किलोमीटर धरलं का, हे पुढच्या ग्रामसभेत लेखी विचारा. उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका, वाडीच्या नावासकट.