आरशातला मी आणि फोटोतला मी

"माझे फोटो चांगले येतच नाहीत." हे वाक्य न म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मीही म्हणतोच. पण आपण कसे दिसतो हे माणसाला नीट कळायला लागलं कधी? जरा वाचलं, तर गंमत वाटली.

तुर्कस्तानात चाताल्ह्योयुक इथे सुमारे ८००० वर्षांपूर्वीचे आरसे सापडलेत, ज्वालामुखीची काळी काच घासून केलेले. हडप्पा संस्कृतीत तांब्याचे होते. पण आरसा ही चैन. बाकीच्यांनी पाण्यात डोकवायचं, नाहीतर नाकीडोळी नीटस आहोत की नाही ते चारचौघांकडून ऐकायचं! पुढे व्हेनिसजवळच्या मुरानोत काचेचे उत्तम आरसे बनू लागले, तेही प्रचंड महाग. चौदाव्या लुईने १६८४ मध्ये व्हर्सायचं आरसे-दालन पूर्ण केलं, ३५७ आरशांचं. हेतू एकच, श्रीमंती दाखवणं.

१८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसवणारी रासायनिक क्रिया नोंदवली. त्यातून पुढे आरसा घरोघरी पोचला. आणि १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. म्हणजे चेहरा बघायच्या दोन सोयी जवळजवळ एकदमच आल्या. घोळ असा, की दोन्ही जुळत नाहीत. उजवीकडचा भांग आरशात उजवीकडेच दिसतो, फोटोत मात्र डावीकडे जातो. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे फोटोतला आपण जरा 'वेगळाच' वाटतो.

१९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन संशोधकांनी काही तरुणींना स्वतःचा एकच फोटो सरळ आणि उलटा असा दाखवला. त्यांचा कल आरशासारख्या उलट्या फोटोकडे होता. त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ फोटोकडे. ज्याची सवय, ते आवडतं, इतकं साधं.

लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेले सगळे फोटो आमच्या बहिणाबाईंनी नाकारले. "मी इतकी वाईट दिसते?" हा प्रश्न तिने थट्टेत विचारला नव्हता. आईला मात्र त्यातले सगळेच आवडले. आई समजूत घालतेय असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. पण आईने तिला आरशातून कधी पाहिलंच नाहीये! तिच्या ओळखीचा चेहरा तोच, फोटोतला.

रंगावरून, वजनावरून ऐकलेले टोमणे यानं पुसले जात नाहीत, कबूल. पण फोटो डिलीट करण्याआधी तो एकदा घरच्या कुणाला तरी दाखवा. त्यांना तुमचा चेहरा तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.