पेसमेकर ठेवतो झोपेतील श्वासाची नोंद

हृदयाचे ठोके नियमित राखण्यासाठी छातीच्या त्वचेखाली बसविला जाणारा पेसमेकर सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र काही पेसमेकर रुग्णाच्या श्वासोच्छ्वासाचीही रात्रभर नोंद ठेवतात, हे खुद्द रुग्णांनाही क्वचितच ठाऊक असते. नाशिकमधील ज्या घरांत पेसमेकर बसविलेले ज्येष्ठ नागरिक आहेत, त्यांनी ही माहिती जरूर करून घ्यावी.

विकार कोणता?

झोपेत श्वास किमान १० सेकंद थांबणे म्हणजे 'स्लीप अॅप्निया' होय. घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग बंद होणे हा त्याचा एक प्रकार. मेंदूकडून श्वास घेण्याचा संदेशच न येणे हा दुसरा. हृदय कमकुवत झालेल्यांमध्ये दुसरा प्रकार विशेष आढळतो. श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग तासाला ५ पेक्षा कमी असल्यास ते सामान्य, तर ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र मानला जातो. उच्च रक्तदाब व हृदयाच्या अनियमित ठोक्यांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयोगटातील शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्के जणांमध्ये झोपेतील श्वसनदोष आढळला. दिवसा पेंग येण्याच्या त्रासासह तो ७.५ टक्के जणांत होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता.

मोजणी कशी होते?

पेसमेकरची डबी आणि हृदयातील तार यांच्या दरम्यान अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडला जातो. हवा विजेची दुर्वाहक असल्याने श्वास आत घेताना छातीचा विद्युतरोध वाढतो व सोडताना कमी होतो. चालताना वा जिना चढताना ठोके वाढविण्यासाठी हा संकेत पूर्वीपासून वापरला जात असे. रात्री हीच लय मंदावली किंवा थांबली, की उपकरण तो प्रसंग मोजते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रीम' या युरोपीय अभ्यासात या नोंदी झोपेच्या प्रयोगशाळेतील तपासणीशी ताडून पाहण्यात आल्या. तीव्र विकार ओळखण्यासाठी त्या उपयुक्त ठरल्या.

मर्यादा

हे उपकरण रक्तातील प्राणवायू मोजत नाही. रुग्ण खरोखर झोपला आहे की जागा, हेही त्याला निश्चित कळत नाही. ते ठरवून दिलेल्या वेळेतील नोंद घेते. श्वासमार्ग बंद झाला तरी छातीची हालचाल सुरू राहत असल्याने काही प्रसंग निसटू शकतात. म्हणून ही नोंद म्हणजे निदान नव्हे, तर इशारा होय. निदानासाठी 'पॉलिसोम्नोग्राफी' ही तपासणी आवश्यक ठरते. पेसमेकरने ठोक्यांचा वेग वाढविल्यास हा विकार कमी होतो, अशी आशा २००२ मधील एका अभ्यासाने निर्माण केली होती. पुढील अभ्यासांत तिला पुष्टी मिळाली नाही.

रुग्णांनी काय करावे?

पेसमेकरच्या नियमित तपासणीच्या वेळी आपल्या उपकरणात ही सोय आहे काय व ती सुरू केली आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. मोठ्याने घोरणे, झोपेत गुदमरून जागे होणे, सकाळी डोके दुखणे व दिवसा डुलक्या येणे ही लक्षणे आवर्जून सांगावीत. घोरणाऱ्याला स्वतःला याची कल्पना नसते. त्यामुळे तपासणीस जाताना घरातील व्यक्तीने सोबत असणे हिताचे.