टाकणखाराचे वाहक

कॅरमच्या बोर्डावर शिंपडतात ती बोरिक पावडर आणि सोनार दागिन्याचा सांधा जोडताना लावतो तो टाकणखार, ही एकाच घरची भावंडे. मूळ पुरुष बोरॉन. रसायनशास्त्राच्या कोष्टकात त्याच्या खाली अ‍ॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, थॅलियम अशी रांग लागते. पैकी अ‍ॅल्युमिनियम कामगाराच्या डब्यापर्यंत पोहोचले व नावारूपाला आले. बोरॉन शास्त्रज्ञांनी १८०८ साली वेगळे केले. पण टाकणखार त्यापूर्वी कित्येक शतके सोनाराच्या हाताशी होता. तापल्या धातूवर चढणारे किटण तो विरघळवतो, म्हणून सांधा पक्का बसतो.

तो येई कोठून? तिबेटातल्या सरोवरांच्या काठून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या लादून माणसे हिमालयाच्या खिंडी उतरत.

पुढे काचेचे व मिन्याचे कारखाने वाढले, मागणी वाढली. १८८१ साली कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या भाजून काढणाऱ्या वाळवंटात हा खार सापडला. विल्यम कोलमन या भांडवलदाराने १८८३च्या सुमारास तेथे हार्मनी नावाचा कारखाना काढला. जमिनीवर फुललेला खार खरवडून गोळा करण्याचे काम चिनी मजुरांचे. मजुरी दिवसाला १ डॉलर ३० सेंट. त्यातूनही राहण्याचे आणि कंपनीच्या दुकानातल्या शिध्याचे पैसे कापून घेत. (ही कापाकापी आमच्या परिचयाची आहे!) उन्हाळ्यात पाणी इतके तापे की खाराचे स्फटिकच धरत नसत. तयार माल १८ खेचरे व २ घोडे जुंपलेल्या अजस्र गाड्यांतून १६५ मैलांवरच्या मोहावे स्टेशनात जाई. पुढे कंपनीने हेच वीस जनावरांचे चित्र डब्यावर छापले आणि खेचरे घरोघरी प्रसिद्ध झाली. खार खरवडणारा चिनी त्या चित्रात नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या कामगार संघटनाच आघाडीवर होत्या. मजुरी पाडली मालकांनी, राग निघाला तो स्वस्तात राबणाऱ्यावर. चळवळीचा इतिहास सांगताना आमच्यातले पुष्कळ वक्ते हे पान झटकन उलटतात. आम्ही ते मुद्दाम मोठ्याने वाचतो. तो कायदा १९४३ साली रद्द झाला. डब्यावरची खेचरे त्यानंतरही तशीच राहिली.